एका घाण्याचा सफेदा

११ ऑक्टोबर

ताई,

तुला वाकून नमस्कार. नुसता लिहायचा म्हणून नाही, खरोखर वाकलो, आणि कमरेत अशी चमक भरली की शेजारच्या खाटेवरचे खोकेवाले मामा म्हणाले, "पत्र लिहितोयस का कुस्ती खेळतोयस?" काकांना आणि काकूंना नमस्कार सांग. काकांनी विचारलं तरच सांग. त्यांच्या राजेंना नाही सांगितलास तरी चालेल, चुलतभाऊ असला तरी.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण माझं बूड एका जागी टिकत नाही, तू मला उगाच भिंगरी म्हणत नव्हतीस. फोन करत जा म्हणतेस. तर तो वाजतो काकांच्या खिशात, मग ते शेजारी बसून ऐकतात आणि तू "बरं आहे, बरं आहे" एवढंच बोलतेस. त्यापेक्षा हे बरं. सातवीच्या पुढे गेलो नाही त्याचा राग अक्षरांवर काढतोय, तेवढं सांभाळून घे.

आता बातमी. गोदामातलं काम सुटलं. "परत?" म्हणशील. अगं, या वेळी मी सोडलं नाही, मला उचलून नेलं. पाच महिने झाले. टिकेन याची खात्री नव्हती म्हणून आधी कळवलं नाही.

झालं असं की इथल्या संग्रहालयात लाकडी खोकी पोचवायला गेलो होतो. आत एक दुरुस्तीची खोली आहे, तिथे जुनी चित्रं, कागद, पुस्तकं नीट करतात. एक माणूस काचेवर नीळ घोटत होता, आणि अशी घोटत होता की भिंत खरवडतोय. मला बघवेना. खोकं खाली ठेवलं आणि म्हटलं, "अहो, जोर नका लावू. हात आठाच्या आकड्यासारखा फिरवा, आपोआप बारीक होते." बाजूला एक बाई बसल्या होत्या. साठीच्या असतील. एक चष्मा नाकावर, एक केसांत, आणि टेबलावर तिसरा शोधत होत्या. म्हणाल्या, "कुठे शिकलात?"

"घरी."

"आणखी काय येतं?"

"आणखी काही नाही. एवढंच येतं."

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गोदामात त्यांचा निरोप आला. तर आता मी त्यांच्या हाताखाली आहे. रंग घोटतो, कागद चिकटवायची खळ शिजवतो, टेबल पुसतो. बसून करायचं काम, आणि मी बसतो, ताई. तू बघायला हवं होतंस.

इथे मोठमोठे सपाट खण आहेत, एकेका खणात एकेका दरबाराची पानं. बाई हात धुऊन घ्यायला लावतात आणि मग बघू देतात. मुघली पानांतली माणसं पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखी. प्रत्येकाचं नाक वेगळं, कुणाची चामखीळसुद्धा सोडलेली नाही. पहाडी पानांतल्या बायका सगळ्या एका आईच्या लेकी, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकच सरळ उतार, आणि मागे हिरवळ अशी की तिथेच पाय पसरावेत. राजस्थानी पानं म्हणजे भर चौकातलं भांडण, लाल जमीन, पिवळं आभाळ आणि कानापर्यंत गेलेले डोळे. आणि दख्खनी! जांभळे खडक, माणसाच्या डोक्याहून मोठी फुलं, उंच शिडशिडीत माणसं, कुणीच कुणाकडे बघत नाही, सगळी कसली तरी वाट बघताहेत. बाई म्हणतात, इराणकडून एकच वळण आलं, पण प्रत्येक दरबारात ते निरनिराळं पाणी प्यायलं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरची कलम कशी, म्हणजे चित्र काढायची धाटणी. मी काय सांगणार? म्हटलं, आमच्यात चेहरा सगळ्यांत शेवटी. झाडं, कपडे, महाल, सगळं आटपलं की संचातले सगळे चेहरे एकच हात करतो, लागोपाठ तीन दिवसांत, एका घाण्याच्या सफेद्याने. बारा पानांत बाई एकच असायला हवी, म्हणून तिचा पांढराही एकदाच घोटायचा. पुन्हा घोटला की बाई बदलते. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, हे मी कुठे वाचलेलं नाही. माझं बोलणं कुणी लिहून घेतलं, हे जन्मात पहिल्यांदा.

नंतर म्हणाल्या, "आणि तो घाणाच बिघडला तर?"

मला पाणी आणायला जायचं होतं, मी गेलो.

तू खलाबद्दल लिहिलंयस. मी खल उचलून नेला याचं तुला कधी वाईट वाटलं नाही, उलट भिंगरीने घरची एक तरी वस्तू सोबत नेली म्हणून बरं वाटलं, असं. खल ठीक आहे. खाटेखाली आहे. वापरत नाही, इथे काचेवरच घोटतात.

तू सध्या काय काढतेस ते मात्र लिहिलं नाहीस. अजून चौकटीच्या रेघाच का?

तुझी,
भिंगरी


१८ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. सगळे बरे असतील असं धरून चालतो आणि थेट मुद्द्यावर येतो, कारण तुझं पत्र वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. काल खळ करपवली. बाईंनी पातेलं बघितलं, मला बघितलं, आणि पातेलंच उचलून नेलं.

काका त्या बारा पानांचे काळे पडलेले चेहरे खरवडणार, असं तू लिहिलंयस. जानेवारीत. आणि वर राजे नवे चेहरे काढणार, म्हणजे संच एकदाचा विकून टाकता येईल. राजे! त्यांनी काढलेला प्रत्येक माणूस नुकता दाढदुखीतून उठल्यासारखा दिसतो. तू विनोद म्हणून लिहिलंयस की निदान बारा जणींना एकत्र दाढदुखी होईल. मला हसू आलं नाही.

ताई, खरवडू देऊ नकोस. ऐक, काय झालं ते सांगतो.

इथे एक दख्खनी पान आहे. गच्चीवर एक राणी बसलीय, हातात पक्षी. हात गोरे आणि चेहरा काळपट. खालच्या पाटीवर लिहिलंय "सावळी राणी". चाळीस वर्षं ती पाटी तिथे आहे. लोक येतात, म्हणतात, वा, काय धाडस त्या चिताऱ्याचं, राणी सावळी काढली. एकाने म्हणे तिच्यावर मोठा लेख लिहिला. परवा बाईंनी ते पान टेबलावर घेतलं, भिंगाखाली धरलं आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

मी बघितलं. बघताक्षणी कळलं. आणि कुंचले पुसायला घेतले.

"सफेदा आहे," बाईच म्हणाल्या. "शिशाचा पांढरा. काळा पडलाय. दमट हवेनं पडतो, नाहीतर शेजारी हरताळीचा पिवळा असला तर त्यातल्या गंधकानं पडतो. ही बाई सावळी नव्हती हो कधी."

मग त्यांनी एक पाण्यासारखं औषध काढलं. जखमेवर टाकलं की फेस येतो ना, त्या जातीचं. तीन केसांच्या कुंचल्याने कपाळाच्या कोपऱ्यात टेकवलं आणि थांबल्या. मीही थांबलो. खोकेवाले मामा खोकी मोजायला आले होते, तेही थांबले. आणि ताई, कपाळ उजळलं. एकदम नाही, दिवस उजाडतो तसं. मग गाल, मग हनुवटी. पाऊण तासात तिथे एक गोरी, जराशी वैतागलेली बाई बसली होती, कानाच्या पाळीशी गुलाबी झाक, आपल्याकडे तू द्यायचीस तशी. मामा म्हणाले, "आयला, ही तर माझ्या सासूसारखी दिसते." बाईसुद्धा हसल्या. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो.

म्हणजे आतलं चित्र मरत नाही, ताई. वरचं काळं तेवढं काळं असतं. खालचं नाक, खालचे ओठ, तू ओढलेली भुवई, सगळं तसंच. खरवडलं की मात्र गेलं. पातीला काळं कुठलं आणि तू कुठली हे कळत नाही.

काकांना हे सांग. सांग की जाणत्या बाईंचं म्हणणं आहे. हरताळ कशी मिसळली, कुठून मिसळली, तो विषय आता काढायचं कारण नाही. झाली ती गोष्ट झाली. पानं वाचतात एवढंच बघायचं.

घाईत लिहितोय. उत्तर लवकर दे.

तुझी,
भिंगरी


९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. चारच ओळी. पाठ झाल्यात. "चूक माझ्या हाताची आहे, मग पुसायचीही माझ्याच हाताने. काकांना मी सांगितलंय, राजेंना कष्ट नको, चेहरे मीच खरवडून देते. एक तारखेला बसेन. तू त्या बाईंना उगाच त्रास देऊ नकोस."

मी आज कामावर गेलो नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. तिसऱ्यात इथली हवा, मामांचा खोकला आणि पादत्राणांचे भाव एवढं लिहून झालं होतं. हा चौथा. हा फाडणार नाही.

तुझ्या हाताची चूक नाही.

पहिल्यापासून लिहितो, मध्ये थांबलो तर परत पादत्राणांवर जाईन. त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, उद्यापासून चेहरे घेते, सफेदा दोन वेळा गाळ, बाराही चेहऱ्यांना पुरेल एवढा एकदम कर. पांढऱ्याचा खल काकूंनी धुऊन मागच्या खोलीत पालथा घातला होता. ओला होता. वाळायला तासभर लागला असता. आणि मला अकराच्या बसने त्या परदेशी काम लावून देणाऱ्या माणसाला भेटायला जायचं होतं. घरात कुणाला माहीत नव्हतं. तुलाही नाही. समोर पिवळ्याचा खल पडला होता. मी तो विसळला, ओल्या फडक्याने पुसला. बघायला स्वच्छ. आपल्याकडे दोन खल वेगळे का ठेवतात हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. हरताळीशेजारी सफेदा ठेवायचा नाही, हे मला माझ्या नावाआधी शिकवलं असेल.

त्या खलाच्या तळाला चीर आहे, केसाएवढी. तिच्यात पिवळं होतं. मी ते पाहिलं.

हे "पाहिलं" लिहायला तीन वर्षं लागली. मी मनाशी आजवर "दिसलं नाही" असंच म्हणत आलो. पण पाहिलं. म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय. आणि घोटायला बसलो, पाय दाराकडे करून.

तू वाटी हातात घेतलीस, बोटावर थेंब घेऊन उजेडात बघितलास आणि म्हणालीस, "भिंगरी, आज छान घोटलास रे." मी बस पकडली. त्या माणसाने तेव्हा मला नकार दिला, ते वेगळं.

सात महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून संच परत आला. काकांनी बारा पानं सतरंजीवर मांडली, बारा काळे चेहरे. त्यांनी पहिलं मला विचारलं, आठवतं तुला? "खल कुठला घेतला होतास?" मी म्हणालो, "पांढऱ्याचा." एवढंच म्हणालो. मग ते तुझ्याकडे वळले. म्हणाले, फक्त चेहरे गेलेत, हात नाही गेले, म्हणजे कातडीचा रंग कालवताना हिने पेवडीच्या निरुपद्रवी पिवळ्याऐवजी हरताळीचा शिंपला उचलला. लक्ष नव्हतं हिचं. तू किती वेळ त्या पानांकडे बघत राहिलीस. मला वाटत होतं, आता ही म्हणेल, नाही, मी पेवडीच घेतली होती. तू म्हणालीस, "असेल. माझंच चुकलं असेल."

तू माझ्या शब्दावर तुझ्या हातापेक्षा जास्त भरवसा ठेवलास. मी दारात उभा होतो. माझ्या तोंडात घास होता, तो मी गिळला. त्या दिवसापासून तुझ्याकडे चौकटीच्या रेघा.

आठ दिवसांनी मी गेलो. आणि खल नेला. ताई, घरची आठवण म्हणून नाही नेला. काका भिंग घेऊन एक दिवस त्या चिरेपर्यंत पोचतील, म्हणून नेला. तू लिहिलंस की तुला त्याचं बरं वाटलं, ते वाचल्यापासून मी त्या खाटेवर नीट आडवा झालेलो नाही.

अजून एक आहे, ते सगळ्यांत वाईट. तोवर मला निदान म्हणता येत होतं की कोण जाणे, त्या चिरेनेच झालं असेल कशावरून? इथे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंच्या बरणीतला चिमूटभर सफेदा न विचारता घरी आणला. एका पुठ्ठ्यावर दोन टिकल्या दिल्या. एक काचेवर घोटलेल्या सफेद्याची, एक आपल्या खलात घोटलेल्या. पुठ्ठा मोरीच्या दारामागे टांगला, तिथे भिंत कायम ओली असते. तुला ऑक्टोबरमध्ये पत्र लिहिलं तेव्हा दुसरी टिकली तपकिरी झाली होती. "अजून चौकटीच्या रेघाच का?" असं मी विचारलं ना, ते त्या पुठ्ठ्याकडे बघत विचारलं. तो पुठ्ठा या पत्रात घातलाय. आता त्यात बघायला डोळे बारीक करावे लागत नाहीत.

काल संध्याकाळी बाईंना सगळं सांगितलं. चिमूटभर सफेद्यासकट. त्यांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले. मी विचारलं, "उद्यापासून येऊ का नको?" म्हणाल्या, "परवापासून या. उद्या पत्र लिहा. आणि इथून पुढे कशावर काय घोटताय ते रोज आधी मला दाखवायचं." मी हो म्हणालो. मग मीच विचारलं, ती बारा पानं बरी होतील का? त्या खोटं बोलत नाहीत, म्हणून तुलाही खोटं सांगत नाही. राणीच्या पानात हरताळ शेजारी होती, तुझ्या चेहऱ्यांत ती आतच आहे, घाण्यातच. उजळतील, पण पुन्हा काळे पडणार नाहीत असं त्या छातीठोक सांगत नाहीत. एक पान पाठव, म्हणाल्या. कुठलंही एक. त्या स्वतः बघतील.

तू आता काय करशील तेही मला माहीत आहे. हे पत्र घडी घालून कुंचल्यांच्या डब्यात तळाशी ठेवशील, काकांना म्हणशील, काही नाही, बरा आहे तो. आणि एक तारखेला पाती घेऊन बसशील. तू मला जन्मभर पाठीशी घातलंस. शाळेतून पळालो तेव्हा घातलंस, काकांचा पानाला चकाकी द्यायचा अकीक हरवला तेव्हा घातलंस. या वेळी घालू नकोस. घालता येऊ नये अशी व्यवस्था केलीय. काकांना वेगळं पत्र लिहिलंय, अर्धं पान, त्यात खल कुठला ते आहे. ते आजच टाकलं, जलद टपालाने, तुझ्या पत्राच्या एक दिवस आधी पोचेल. आणि खल काकांच्या नावे पाठवलाय.

टपाल कचेरीतल्या माणसाने पेटी उचलली आणि म्हणाला, "काय भरलंय काय?"

"दगड."

"दगड कोण पाठवतं?"

"ज्याने नेला तो," मी म्हणालो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पेटी उघडून बघितली, खलात बोट फिरवलं आणि म्हणाला, "निदान धुऊन तरी पाठवायचा." मी त्याचा हात धरला, ताई. म्हटलं, नका, पुसू नका, तसाच राहू दे.

तूही धुऊ नकोस, काकूंनाही धुऊ देऊ नकोस. काकांना भिंग घेऊ दे. राजेंनाही बघू दे. काका मला घरात घेतील की नाही हा विचार सध्या बाजूला ठेवलाय, त्याच्यावर बोलायला अजून तोंड नाही. राग आला तर तो माझ्यावर काढ, पानांवरच्या त्या बायांवर नको, त्यांचं काही चुकलेलं नाही. तुझंही नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होतो, पण एकदाच लिहितो, म्हणजे चेष्टा वाटणार नाही.

एक तारखेला पाती हातात घेशील तेव्हा तो पुठ्ठा शेजारी ठेव. पांढरी टिकली तुझ्याकडे आणि काळी काकांकडे, अशी ठेव.

आजवर कुठल्याही पत्राखाली मी माझं नाव असं लिहिलेलं नाही. तू पुन्हा भिंगरी म्हणेपर्यंत नुसताच,

पिवळ्याच्या खलात पांढरा घोटणारा,
तुझा भाऊ